पद्मिनीचे मागचे बुश: मेन पाटा, शॅकल आणि नट आवळायची वेळ

गाडी प्रीमियर पद्मिनी. इंजिन बदललेलं, टायर मूळ मापापेक्षा रुंद, आणि मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचा) बाक कमी करून गाडी साधारण ४० मिमी खाली बसवलेली. स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून 'टक्' आवाज यायचा. वळणात ऍक्सिलरेटर सोडला की मागची बाजू किंचित सरकायची. डाव्या टायरची आतली कडही घासू लागली होती.

आधी टेप लावला. पाट्याचं पुढचं टोक बॉडीला धरणाऱ्या हँगरच्या बोल्टच्या मध्यापासून ऍक्सलच्या नळीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं, तर डावीकडे ७ मिमी जास्त. २-३ मिमीचा फरक जुन्या गाडीत चालवून घेता येतो, पण ७ मिमी म्हणजे ऍक्सल तिरका बसलाय. पहार घालून उचकटल्यावर डावा पुढचा बुश (बोल्टभोवतीचं रबरी अस्तर) डोळ्यासमोर हलताना दिसला.

सामान: पुढच्या डोळ्यांचे (पाट्याच्या गोल वळवलेल्या टोकांचे) धातूच्या कवचातले रबरी बुश २, शॅकलचे, म्हणजे पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे, अर्धे बुश ८ (एका बाजूला पाट्याचं एक आणि बॉडीचं एक भोक, प्रत्येकात दोन अर्धे), ऍक्सल पाट्याला बांधणारे यू-बोल्ट ४, त्यांचे नट ८, आणि हँगरला १२ मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट नायलॉक नटांसह. यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेले आटे दुसऱ्यांदा नीट धरत नाहीत.

सगळ्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, बॉडीखाली पुढच्या हँगरच्या पुढं स्टँड, आणि ऍक्सलखाली ट्रॉली जॅक. ऍक्सल मोकळा सोडू नका, सगळा भार ब्रेकच्या लवचिक नळीवर येतो. शॉकअपचं खालचं टोक, शॅकल, यू-बोल्ट आणि शेवटी हँगर बोल्ट या क्रमानं काढलं.

अडतं ते हँगर बोल्टवरच. बोल्ट बुशच्या आतल्या स्लीव्हला (धातूच्या नळीला) गंजून चिकटतो. नट सुटतो, पण बोल्ट स्लीव्हसकट फिरत राहतो. हातोड्यानं ठोकत बसलात तर आटे चेपतात आणि हँगरचे कान वाकतात. हँगर आणि डोळा यांच्या फटीत एक्सा ब्लेड घालून दोन्हीकडून कापणं हाच चांगला मार्ग. गॅस कटर लावू नका. एक तर पेट्रोलची टाकी मागंच आहे, आणि दुसरं म्हणजे तापवलं की पाट्याचं पाणी (पोलादाचा कणखरपणा) उतरतं. असा पाटा डोळ्यापाशीच तुटतो, तोही भर घाटात.

काढलेला बुश नीट पाहण्यासारखा होता. रबर झिजलेलं नव्हतं. ते स्लीव्हपासून एका बाजूनं सुटलं होतं, चिरा तिरक्या, पिळल्यासारख्या, आणि स्लीव्ह मध्यापासून सरकून कवचाला टेकलेली. हे वयानं होत नाही. आधीच्या कामात गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना नट आवळले होते. या बुशमध्ये काहीच फिरत नाही. स्लीव्ह हँगरमध्ये घट्ट, कवच डोळ्यात घट्ट, सगळी हालचाल रबराच्या पिळावर. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि वरून खड्ड्यांचा पीळ वेगळा.

जुनं कवच काढायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातला हायड्रॉलिक प्रेस वापरला. घरी करायचं असेल तर कवचाला आतून एक्सानं उभी चीर द्या, पण ब्लेड डोळ्याच्या धातूला लागू देऊ नका. त्या ओरखड्यातूनच पाट्याला चीर जाते. डोळा आतून पॉलिश पेपरनं साफ करून व्हर्नियरनं तीन ठिकाणी मोजा. बुशचं कवच डोळ्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी मोठं हवं. त्याहून कमी असेल तर बुश बाहेर चालत येतो, फार जास्त असेल तर कवच चेपून आतलं रबर दबतं. उजवा डोळा उघडलेला निघाला, तो पाटेवाल्याकडून पुन्हा वळवून घेतला. कवचाला वेल्डिंगचा टाका मारण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका, रबरही जळतं आणि डोळाही ठिसूळ होतो.

आतली स्लीव्ह डोळ्याच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडं मिळून १-२ मिमी लांब असायलाच हवी, म्हणजे हँगरचे कान स्लीव्हला पकडतात, डोळ्याला घासत नाहीत. कान आणि स्लीव्हमध्ये फट उरली तर वॉशर घाला, बोल्टच्या जोरावर कान ओढून घेऊ नका.

पुढं रबर आणि शॅकलला पॉलियुरेथेन, असं मिश्रण मुद्दाम ठेवलं. गाडी कलली की पाटा थोडा पिळतो आणि पुढच्या डोळ्याला तो पीळ सोसावा लागतो. तिथं कडक बुश घातला तर तो ताण मेन पाट्यावर (डोळे असलेल्या सगळ्यात लांब पट्टीवर) आणि हँगरच्या वेल्डिंगवर जातो. शॅकल मात्र सतत झुलतं, तिथं सिलिकॉन ग्रीस लावलेलं पॉलियुरेथेन छान फिरतं. रबर बसवताना साबणाचं पाणी वापरा. इंजिन ऑइलनं रबर फुगतं.

बाक कमी केल्यावर पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर वाढतं आणि शॅकल मागं कलतं. पूर्ण भाराखाली ते बॉडीला टेकत नाही ना, हे आवळण्याआधीच पाहा.

मग नट नुसते हातानं लावून गाडी चाकांवर पिटवर (खालून काम करायच्या खड्ड्यावर) उभी केली. टाकी अर्धी, ड्रायव्हर सीटवर वाळूची पोती. मागची बाजू आठ-दहा वेळा दाबून सोडली आणि त्यानंतरच हँगर बोल्ट ८० न्यूटन-मीटरला आवळले. यू-बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे.

आता दोन्ही बाजूंचा फरक २ मिमी. पन्हाळ्याच्या घाटात ऍक्सिलरेटर सोडल्यावर मागची बाजू जागेवर राहते, 'टक्' गेला. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर शॅकलकडून थोडी जास्त धडधड जाणवते, ती पॉलियुरेथेनची किंमत. यू-बोल्ट १०० किमीनंतर पुन्हा आवळले, दोन नट पाव आटा गेले. बंप स्टॉपचं (ऍक्सल बॉडीवर आदळू न देणाऱ्या ठोकळ्याचं) रबर अजून मूळ उंचीचं आहे आणि ऍक्सल त्याच्या फार जवळ येतो. ते कापायचं की बुटकं बसवायचं, हे पुढच्या नोंदीत मापांसकट.