अकरा सेकंद

माझं काम म्हणजे लोकांना सफारीवर नेऊन फोटो काढायला शिकवणं. ऐकणाऱ्याला वाटतं काय मजा आहे राव, रोज जंगल! प्रत्यक्षात दिवसभर धूळ खायची, लेन्सवरची धूळ पुसायची आणि जास्तीची बॅटरी खोलीवरच राहिली का ते विचारायचं. खरं काम पहाटेचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास. मांजरकुळातली मंडळी तेव्हाच आळस झाडून उठतात आणि नेमका तेव्हाच उजेड नसतो.

त्या दिवशी गाडीत एकच पाहुण्या होत्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या मॅडम. त्यांच्याकडे २००-६०० एमएमची झूम लेन्स, म्हणजे ६०० ला एफ ६.३ (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त). माझ्याकडे ४०० एमएम एफ २.८, जवळपास तीन किलोचं धूड. सूर्य बुडून पंधराएक मिनिटं झाली असतील, आम्ही परत फिरलेलो आणि ड्रायव्हरने न बोलता गाडी थांबवून इंजिन बंद केलं. (हा माणूस सोनं आहे. बाकीच्यांना इंजिन बंद करा म्हणून सांगावं लागतं, आणि त्या थरथरीत स्टॅबिलायझेशनचं काही चालत नाही.) वाटेपासून तीसेक मीटरवर वारुळाशेजारी बिबट्याची मादी बसलेली, आणि तिच्या मागे गवतात दोन कान. पिल्लू.

मॅडमनी कुजबुजत विचारलं, आयएसओ किती ठेवू? (आयएसओ म्हणजे कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून घेतो तो आकडा.) मी म्हटलं माझा ६४०० आहे, शटर एक साठांश सेकंद. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "६.३ भागिले २.८ म्हणजे सव्वादोन, त्याचा वर्ग पाच, मग मला ३२,००० लागणार." इतकी वर्षं मी स्टॉप स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) करत घसा कोरडा करतोय, बाईंनी एका वाक्यात संपवलं! मग घाबरत विचारलं, ग्रेन, म्हणजे दाणे, येईल ना? मी म्हटलं येऊ दे. ग्रेन घरी जाऊन कमी करता येतो, हललेला फोटो देवालाही सरळ करता येत नाही. अंधारात लोक आयएसओला घाबरून शटर खाली आणतात आणि चाळीस हललेले फोटो घेऊन घरी जातात, हे मी दर ट्रिपला बघतो.

दुसरी फसवणूक व्ह्यूफाइंडरची. मिररलेस कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार झालेला कळतच नाही, तो बिचारा सगळं उजळून दाखवतो, मागची स्क्रीन पण अंधारात झगझगीत दिसते, म्हणून वाटतं एक्स्पोजर मस्त आहे आणि घरी येऊन बघावं तर कोळसा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख बघा, डोळ्यांवर जाऊ नका. आणि उलटी चूकही असते. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग करडं करायचं असतं, त्याचं ऐकलं तर संध्याकाळची दुपार होते, म्हणून मी कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबातली दुरुस्ती, एक स्टॉप मायनस ठेवतो.

उजेड उतरत गेला तसा मी शटर एक पंचविसांशवर आणलं, ऑटो आयएसओ १२,८०० वर गेला. ४०० एमएमला एक पंचविसांश म्हणजे जुगारच. लेन्सखाली बीनबॅग, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि एक फोटो न काढता सलग पाचसहाचा बर्स्ट मारायचा. पहिला फोटो बोटाच्या दाबाने हलतो, मधल्यांतला एखादा वाचतो. पण हे सगळं आपल्या हलण्यावरचं औषध झालं, जनावराच्या हलण्यावर त्याचा काही उपयोग नाही, त्यासाठी ते थांबेल तो क्षण पकडायचा. चालताना बिबट्या पाऊल टेकवून कानोसा घेतो तेव्हा अर्धा सेकंद मिळतो.

मादी उठली. वाट ओलांडायला निघाली, पिल्लू मागोमाग. आणि उजवीकडच्या दुसऱ्या गाडीतून कोणीतरी मोठी टॉर्च तिच्यावर मारली. त्या जंगलात अंधार पडल्यावर प्राण्यांवर कृत्रिम उजेड टाकायला सक्त मनाई आहे, हे गेटवरच सांगतात, पण पैसे भरले म्हणजे वाघ-बिबटे आपल्याच नोकरीला लागले असं समजणारे असतातच.

मादी जागच्या जागी थिजली. एक पाय उचललेला, मान उजेडाकडे. मी शटर दाबलं, परत दाबलं, दाबतच राहिलो. मग ओरडलो, "लाईट बंद करा!" टॉर्च विझली, मादी दोन ढांगांत पलीकडे गेली. पिल्लू मात्र उजेड पडल्या पडल्या मागे गवतात पळालं होतं, ते काही बाहेर आलं नाही. आम्ही थांबलो, पण गेट बंद व्हायची वेळ होत आली होती, निघावं लागलं. तशी मादी पिल्लाला लपवून तासन् तास शिकारीला जातेच, ती परत आलीच असेल, असं मी मॅडमना सांगितलं. गाडीत ते वाक्य मी जरा जास्तच वेळा बोललो.

रात्री कार्ड उघडलं. तो फोटो माझ्या आजवरच्या बिबट्यांमधला सगळ्यात चांगला आहे, मिशीचा केस न् केस मोजून घ्या. आणि गंमत बघा, टॉर्चचा मागमूस नाही. मांजरांच्या डोळ्यात आत, मागच्या बाजूला टेपेटम नावाचा आरशासारखा थर असतो, तो उजेड आला त्याच बाजूला परत फेकतो, त्यामुळे डोळे चमकले ते टॉर्चवाल्यांच्या फोटोत. त्यांना मिळाले दोन हिरवे दिवे. मी बाजूला, मला मिळाला नुसता अंगावरून घसरलेला गार प्रकाश, कोणीही म्हणेल मावळतीनंतरचा. अमेरिकन छायाचित्रकार जॉर्ज शायरस तिसरे यांचे रात्रीच्या प्राण्यांचे फोटो नॅशनल जिओग्राफिकने जुलै १९०६ मध्ये छापले, तेही होडीतून दिवा दाखवून आणि फ्लॅशची पावडर पेटवूनच काढलेले, पण निदान त्यांनी ते लपवलं नव्हतं.

फाइलची माहिती मात्र खोटं बोलत नाही. ६ वाजून ४१ मिनिटं ८ सेकंदांनी आयएसओ १२,८०० वरून थेट ३,२०० वर उतरतो, म्हणजे टॉर्च लागली. शेवटची उजेडातली फ्रेम १९ व्या सेकंदाची. मधल्या चौसष्ट फ्रेम्स माझ्या. मला वाटत होतं मी लगेच ओरडलो.

मॅडमचा फोटो टॉर्चच्या आधीचा, ३२,००० चा. ग्रेन वाळूसारखा, मादी बसलेली, मागे ते दोन कान. तो त्यांनी प्रिंट करून घेतलाय. माझा मागितला तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही ओरडलात ते बरं केलंत, जरा उशिरा ओरडलात इतकंच." फोटो अजून पाठवला नाहीये. काल परत उघडला आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची ऊब, ४२०० वरून ५६०० केल्विनवर नेऊन बघितला, मग परत ४२०० वर आणला.