खणातली वही

परभणीच्या आमच्या कॉलेजात माझ्या टेबलाच्या खणात लाल कापडी बांधणीची एक वही होती. स्टाफमधल्या प्रत्येकाचा मेलचा पासवर्ड तिच्यात, माझ्याच अक्षरात. बदलायचा असला की फोन यायचा, "सर, शेवगा एक दोन तीन करून टाका." फोन स्पीकरवर, त्यामुळं शेवगा अख्ख्या ऑफिसला पाठ.

दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, ज्याचा पासवर्ड त्यानंच बदलायचा. आमचं वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधून मेल बघायचं सॉफ्टवेअर, राउंडक्यूब. त्याच्यासोबत पासवर्ड बदलायचं प्लगिन येतंच, फक्त चालू करावं लागतं. पण वेबवरून बदलायचा म्हणजे पीएचपीच्या (वेबमेल ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) हातात किल्ली द्यायची, आणि चोर आला तर पहिल्यांदा तिथंच येणार.

आधी मी शहाणपणा केला. सुडोनं, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, चालणारी एक स्क्रिप्ट लिहिली, नवा पासवर्ड कमांडच्या शेपटीला लावून. चाचणी चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर सहज पीएस (चालू असलेली कामं दाखवणारी कमांड) मारला, तर पासवर्ड उघडाच! मशीनवर लॉगिन असलेल्या कुणालाही दिसला असता. स्क्रिप्ट त्याच रात्री उडवली.

मग एसक्यूएलची, म्हणजे थेट डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलायची, वाट धरली. वेबमेलसाठी डेटाबेसमध्ये वेगळा युजर केला. त्याला दोनच परवानग्या : नावाचा कॉलम वाचायचा आणि पासवर्डचा कॉलम बदलायचा. साठवलेले हॅश (पासवर्डची उलट न फिरवता येणारी रूपं) त्याला वाचता येत नाहीत, आणि ते बीक्रिप्ट या मुद्दाम संथ ठेवलेल्या पद्धतीचे आहेत. जुना पासवर्ड विचारायची सेटिंगही चालू केली, पण ती तपासणी राउंडक्यूब स्वतः करतं, डेटाबेस नाही. उद्या कुणी राउंडक्यूबच फोडलं तर तो दुसऱ्याचा पासवर्ड बदलू शकतोच. साठवलेले हॅश वाचू शकत नाही, एवढाच काय तो दिलासा.

सगळं झकास चाललं असं वाटत होतं, तेवढ्यात अकाउंटच्या ताईंचा फोन. "सर, पासवर्ड बदलला तरी भाच्याला दिलेल्या मोबाइलवर माझे मेल यायलेतच की!"

ताईंचं खरं होतं. आयमॅप (मोबाइल सर्व्हरवरून मेल ज्या पद्धतीनं वाचतो ती) पासवर्ड विचारतं ते फक्त लॉगिनच्या वेळी; मोबाइलनं एकदा धरून ठेवलेलं कनेक्शन तसंच चालू राहतं. वर मीच कधीतरी डोव्हकॉटचा (आमच्या मेल सर्व्हरचा) ऑथ कॅशे, म्हणजे तपासलेले पासवर्ड काही वेळ लक्षात ठेवायची सोय, चालू करून ठेवलेला, मुदत एक तास. म्हणजे जुना पासवर्डही तासाभरापर्यंत चालू शकतो. दोष कुणाला द्यायचा?

कॅशेतून ताईंचं नाव काढलं, 'डोव्हॲडम किक' मारून त्यांची सगळी कनेक्शनं तोडली. ही ताकद वेबमेलला द्यायचा मोह झाला होता, पण आवरला. आता पासवर्ड बदलला की वेबमेल एका फाइलीत फक्त नाव लिहितं. दर मिनिटाला क्रॉन (ठरल्या वेळी काम करणारा प्रोग्रॅम) ती फाइल वाचतो, नाव आपल्या यादीतलं आहे का बघतो, आणि मगच ही दोन्ही कामं करतो.

रात्री ताईंचा मेसेज आला : "भाचा म्हणायलाय, मेल बंद झाले."