वाढायचं सोडून सगळं

पंगतीत जेवणाऱ्या घराला झाकणाच्या नक्षीदार भांड्याची गरज कधी पडलीच नाही. पोळी तव्यावरून ताटात, वरण गंजातून, म्हणजे पातेल्यातून, डावानं वाटीत. माणसं जास्त असली तर बादली आणि ओगराळं. वाढपी "वाढू का, वाढू का" करत दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिल्याचं ताट रिकामं झालेलं असतं. झाकण काढा, ठेवा, परत काढा, एवढा वेळ आहे कोणाला? चुलीपासून पाटापर्यंत पाच पावलं. तेवढ्यात काय थंड होणार, आणि तेही आमच्याकडच्या मे महिन्यात?

ही भांडी मुळात टेबलवाल्यांची. युरोपातल्या मोठ्या घरांत स्वयंपाकघर जेवणघरापासून लांब, थंडी कडाक्याची, आणि सूप-भाज्या टेबलावर मांडून ठेवायची रीत. म्हणून झाकण. आता झाकण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच राहणार, तर त्यावर फुलं काढा, धरायला मूठ म्हणून कळी नाहीतर लिंबू बसवा, असं करत करत अठराव्या शतकात त्याचा कहर झाला. जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यानं १७३७ ते १७४१ च्या सुमारास एका सरदारासाठी हंसांची नक्षी असलेला जेवणाचा संच घडवला. त्यात दोन हजारांहून जास्त नग होते. घासणारीला कोणी विचारलेलं दिसत नाही.

वऱ्हाडातल्या वाड्यांत अशी भांडी आली ती कापसाच्या पैशानं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोचला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. पैसा खेळायला लागल्यावर देशमुख-पाटलांच्या घरी छताला दिव्याच्या काचेच्या हंड्या आल्या, लंबकाची घड्याळं आली, आणि ज्यांच्याकडे टेबल नव्हतं त्यांच्याकडे टेबलावरची भांडी आली.

आमच्या घरी त्यातलं एकच उरलंय. गोल, निळं-पांढरं, दोन कान असलेलं. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे खामगावला रेल्वे आली त्याच साली तिच्या आजोबांच्या वडिलांनी ते एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलं. गोष्ट चांगली आहे. फक्त भांड्याच्या तळाशी 'इंग्लंड' असं छापलेलं आहे, आणि मालावर देशाचं नाव टाकायची ही सवय कारखानदारांना लागली ती बहुतेक १८९१ पासून, अमेरिकेनं आपल्याकडे येणाऱ्या मालावर तशी सक्ती केल्यावर. म्हणजे लिलाव झाला असेल तर वीस-एक वर्षांनी. मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "माह्या आजोबाच्या बापानं आणलं, तुह्या पुस्तकाले काय मालूम?"

त्यावरचं चित्र मात्र मला अजून पाहावंसं वाटतं. वाकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं, वर आभाळात समोरासमोर दोन पाखरं. दिसायला चिनी, पण नक्षी इंग्रज कारागिरांची, अठराव्या शतकाच्या शेवटची. हातानं रंगवलेलीही नाही. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रंग भरून पातळ कागदावर छापा घ्यायचा आणि तो ओला कागद भांड्यावर चिकटवायचा. कागदाची दोन टोकं जिथं भेटतात तिथं जोड येतोच. आमच्या भांड्यावर तो उजव्या कानाखाली आहे. तिथं काठाची वेलबुट्टी अर्धा बोट सरकलेली आहे आणि एक कुंपण मध्येच संपून जरा खालून पुन्हा सुरू होतं. कानाखाली लपेल अशा बेतानं जोड ठेवणारा तो कारागीर मला माइसेनच्या सगळ्या हंसांपेक्षा जवळचा वाटतो.

आजीनं त्या भांड्याला कामाला लावलं ते आंबटासाठी. घरातली बाकी भांडी पितळेची. पितळ म्हणजे भंडाऱ्याचं, असं इकडं सरळ समीकरण आहे, आणि पितळेत आंबट ठेवलं की कळकतं. कल्हई असली तर ठीक. पण कल्हईवाला त्याच्या मर्जीनं येणार. कोळशाचा जाळ, भाता, तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट, पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एका फिरकीत सगळं भांडं चंदेरी. बघायला मजा, पण दोन कल्हयांच्या मधल्या काळात दही कुठं ठेवायचं? चिनी मातीला दही, कढी, चिंच, सगळं सारखंच. म्हणून कढी त्यात, अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चिंचवणी त्यात, आंब्याचा रस त्यात. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात मात्र त्याला प्रवेश नव्हता. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं पितळेत. निळं भांडं त्या दिवशी ओसरीवरच्या फडताळात बसून राहायचं.

त्याच्या झाकणाला काठाशी एक खाच आहे, आत ठेवलेल्या डावाचा दांडा बाहेर निघावा म्हणून. साहेबाच्या टेबलावर ही सोय. वऱ्हाडात ती मुंग्यांची वेस. आजीचा उपाय दुहेरी होता. भांडं परातीत पाणी घालून त्यात ठेवायचं, आणि पाणी आटलंच तर दुसरी फळी म्हणून खाचेला कणकेचा गोळा. "कणीक लाव वं त्या भोकाले, मुंग्या जातीन," हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकलंय. कणीक वाळली की दगड व्हायची आणि ती सुरीनं खरवडताना आजी त्या कारागिराच्या सात पिढ्या काढायची.

पुढं फ्रिज आला, स्टील आलं, मग हॉटपॉट. आमच्याकडच्या लग्नांत आहेर म्हणून तो एवढा येतो की काही घरांत उतरंड रचता येईल. झाकणाच्या वाढायच्या भांड्याचा खरा वारस तोच, आणि नक्षीची हौसही त्यानं सोडलेली नाही, फक्त ती प्लास्टिकवर आली. गरम राहतं हे खरं. पण आत कोंडलेली वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि वरच्या दोन पोळ्या भिजतात. ज्वारीच्या भाकरीचे तर हालच. तळाशी आणि वर फडकं घातलं की जमतं, म्हणजे फिरून दुरडी आणि फडक्याशीच येणं आहे.

निळ्या भांड्यातून मात्र आता आंबट बंद. जुन्या चिनी मातीच्या झिलईत आणि रंगात शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो, हे कळल्यावर मीच ते बंद केलं. आजी तीच कढी पिऊन नव्वदीपार गेली असं घरात ऐकवलं जातं, पण तो काही पुरावा नाही. तेव्हापासून त्यात काय काय राहिलंय! होळीच्या साखरगाठ्या, फुलवाती, सोसायटीच्या पावत्या, कापूस विकल्याच्या काटापट्ट्या म्हणजे वजनाच्या चिठ्ठ्या, कोणाचं तरी जुनं मंगळसूत्र, गोठ्याची किल्ली. पाहुण्यांसमोर झाकण उघडून कोणी पाहत नाही, त्यामुळे घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच. कपाटाचं कुलूप चोर पहिलं फोडेल. कढीच्या भांड्यात तो कशाला हात घालेल?

दिवाळीला आत्या आली की ते माहेरची आठवण म्हणून मागते. मागच्या खेपेला तिनं ते हातात घेऊन पदरानं पुसलंसुद्धा.

"वहिनी, हे मी नेतो."

"न्या ना ताई," आई म्हणाली, "पण झाकण ठेवून जा. वरणाच्या गंजावर बरोबर बसते, डाव आत ठेवूनही झाकता येते."

"अन् बिनझाकणाचं मी काय करू?"

"कोथिंबीर लावा."