लाकडी बॅटची वही : सहाव्या बॅटची ऑर्डर

मंडळी, आधी हिशोब. दोन सीझन, पाच बॅटी. त्यातल्या तीन गेल्या, दोन शाबूत. गेल्या उन्हाळ्यात जुलै उजाडायच्या आत दोन बॅटींचा निकाल लागला होता. यंदा मेपासून आजवर एकच तुटली, आणि तीही माझ्या हातून नाही. तो किस्सा शेवटी.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एवढंच: मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो, वय बेचाळीस, पुण्यात कॉलेजपर्यंत सीझन बॉलचं क्रिकेट खेळलो. इथे दर रविवारी पस्तिशीवरच्यांच्या हौशी बेसबॉल लीगमध्ये खेळतो. लीगमध्ये अॅल्युमिनियम चालत नाही, फक्त लाकूड. त्यामुळे ही वही. बॅटला बॉल लागला की एक रेघ, पाच रेघांचा एक जुडगा. नेटमधले वेगळे, सामन्यातले वेगळे.

बॅट क्र. १ : काळी, देखणी, ११ चेंडू

ही चूक सविस्तर सांगतो, कारण क्रिकेटमधून येणारा प्रत्येक जण ती करणार. ऑनलाइन सेलमध्ये ४५ डॉलरला काळी कुळकुळीत मेपल बॅट दिसली. ३४ इंच, ३१ औंस, मॉडेल (म्हणजे आकाराचा नंबर) २४३. मोठं बॅरल (बॉल लागतो तो जाड भाग), बारीक हँडल, सगळं वजन टोकाकडे. फोटोत एकदम प्रोफेशनल दिसत होती. घरी आल्यावर मी काय केलं असेल? जवसाचं तेल लावलं! दोन दिवस उन्हात ठेवली आणि जुना बॉल घेऊन बॅरल ठोकत बसलो. आई तेव्हा इथे आली होती. म्हणाली, "मुसळाला तेल कशाला लावतोस रे?"

तिचं बरोबर होतं. विलो मऊ असतं, त्याचे तंतू ठोकून दाबावे लागतात, तेल त्यात मुरतं. मेपल मुळातच टणक, वर फॅक्टरीतच पक्कं पॉलिश. तेल आत गेलंच नाही. चिकट थर तेवढा बसला आणि त्यावर मैदानातली धूळ. दुसऱ्याच सामन्यात आतल्या बाजूला आलेला बॉल हँडलवर बसला. दोन तुकडे. मोठा तुकडा थर्ड बेसकडे भिरभिरत गेला. नशीब, तिथला माणूस चपळ होता.

तुटली कशी, ते शाईने सांगितलं

या प्रकरणाच्या मुळाशी जायचं ठरवलं. २००१ मध्ये बॅरी बॉन्ड्सने ऑटावाच्या सॅम होलमनने बनवलेल्या मेपल बॅटीने ७३ होमरन मारले आणि अॅश या जुन्या, लवचिक लाकडाच्या जागी मेपलची लाट आली. पाठोपाठ तुकडे उडायला लागले. मग मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगने, २००८ च्या जुलै ते सप्टेंबरमधल्या २,२३२ तुटक्या बॅटी तपासायला घेतल्या. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेतले लाकूडतज्ज्ञ त्यात होते. त्यातल्या ७५६ बॅटींचे एकाहून जास्त तुकडे झाले होते. मुख्य दोष निघाला तो रेषांच्या तिरकेपणाचा. तंतू बॅटच्या लांबीला समांतर न जाता कडेकडे निसटत असतील, तर बॅट तिथूनच चिरफाळते.

अॅशमध्ये रेषा उघड दिसतात. मेपलमध्ये दिसतात त्या वर्षाच्या वाढीच्या रेघा, आणि त्या सरळ असूनही आतले तंतू पिळलेले असू शकतात. म्हणून शाईचा ठिपका. हँडलच्या उघड्या लाकडावर शाईचा थेंब टाकला की ती सूक्ष्म नळ्यांमधून तंतूंच्या दिशेने पसरते. मेजर लीगची मर्यादा ३ अंशांची. ऐकायला किरकोळ वाटते. पण १० इंचांत ३ अंश म्हणजे अर्धा इंच सरकणं, आणि हँडलची जाडीच मुळात इंचभर! ६ अंश असतील तर त्या १० इंचांत तंतू एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर.

मी क्र. १ चं प्रेत बाहेर काढलं, हँडलचा काळा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, फाउंटन पेनची शाई टाकली आणि मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावला. जवळजवळ ६ अंश. काळ्या रंगाखाली काय दडलं होतं ते तेव्हा कळलं. तेव्हापासून माझा नियम: हँडलवर रंग असलेली बॅट घ्यायची नाही. बॅरल हवं तर जांभळं करा, हँडल उघडं हवं.

आमच्या गावी कुऱ्हाडीला दांडा घालायचा तर आजोबा धामणीचं लाकूड शोधायचे आणि ते कापायचे नाहीत, फोडायचे. फोडलं की लाकूड आपल्या रेषेनेच उकलतं. करवत मात्र रेषा बघत नाही. बॅट बनवणारेही चांगला माल फोडलेल्या ओंडक्यातूनच काढतात, हे वाचलं तेव्हा घरचं काही वाचल्यासारखं वाटलं.

बॅट क्र. २ : अॅश, नऊ सामने

दुकानात जाऊन हातात घेऊन निवडली. रेषा रुंद, सरळ, नॉबपासून (मुठीखालच्या गाठीपासून) बॅरलपर्यंत सुतासारख्या. ३३ इंच, ३० औंस. मस्त लवचिक, चुकीचा फटका बसला तरी हाताला फारशी झिणझिणी नाही. पण नवव्या सामन्यापर्यंत बॅरलवरून पापुद्रे सुटायला लागले.

इथेही क्रिकेट नडलं. क्रिकेटच्या बॅटला तोंड असतं आणि पाठ असते. ही गोल. मला वाटलं, कुठल्याही बाजूने मारा. अॅशच्या प्रत्येक वर्षाच्या वाढीत वसंतातला एक सच्छिद्र थर आणि उन्हाळ्यातला एक दाट थर असतो. थरांच्या सपाट बाजूने बॉल लागत राहिला की सच्छिद्र थर चेंगरतो आणि बॅट पापडासारखी सुटते. रेघांच्या कडेवर मारायचं असतं, म्हणून कारखाना लेबल सपाट बाजूला छापतो. लेबल आकाशाकडे, बॉल कडेवर. मेपल आणि बर्चमध्ये उलट: तिथे सपाट बाजूच दणका जास्त सोसते. म्हणून त्या २००८ च्या तपासणीनंतर त्यांच्यावरचं लेबल ९० अंशांनी फिरवलं. तुम्हाला हे सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. लाकूड कुठलंही असो, लेबल वर किंवा खाली, बॉलर… सॉरी, पिचरकडे नाही.

अॅशबद्दल थोडं हळहळून लिहितोय. हिरवा चकचकीत अॅश बोरर किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो २००२ मध्ये, इथेच डेट्रॉईटजवळ. आशियातून आलेला. अळ्या सालीखाली बोगदे पाडतात, पाण्याची आणि अन्नरसाची ने-आण थांबते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. आमच्या गल्लीत जुन्या रहिवाशांना अॅशची रांग आठवते, आता तिथे पदपथाच्या कडेला गवताचे चौकोन आहेत. पेनसिल्व्हेनिया-न्यूयॉर्कच्या ज्या जंगलांतून बॅटींचं अॅश यायचं तिथेही तो पोचला. त्यामुळे चांगलं अॅश मिळालंच तर घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका.

क्र. ३ : बांबू

पट्ट्या चिकटवून केलेली. आवाज कोरडा, हाताला जड, प्रेम बसत नाही. पण बॉल फेकणाऱ्या मशीनच्या नेटमध्ये दुसरं काही वापरू नका. मशीनचे ते खळ्या-खळ्यांचे पिवळे बॉल कडक असतात आणि लाकडी बॅट त्यांच्यावर लवकर मरते. काही कंपन्यांच्या वॉरंटीत तर ते बॉल बसतच नाहीत. १,४०० हून जास्त रेघा झाल्या, ओरखड्यापलीकडे काही नाही. सामन्यात बांबू चालतो की नाही ते प्रत्येक लीगचं वेगळं असतं, आधी विचारा.

क्र. ४ आणि क्र. ५ : इथे गाडी रुळावर आली

क्र. ४ मेपल, मॉडेल २७१, ३३ इंच पण ३१ औंस, हँडलवर शाईचा ठिपका. १६० डॉलर. बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.

लांबीच्या इंचांतून वजनाचे औंस वजा केले की येतो तो ड्रॉप. ३३/३० म्हणजे उणे ३. हौशी खेळाडू हलकी बॅट मागतात आणि दुकानदार देतो. पण त्याच लांबी-जाडीची मेपल बॅट हलकी करायची म्हणजे कमी घनतेचं लाकूड घ्यायचं. टिकाऊपणा हवा तर उणे २ घ्या आणि जड वाटली तर लांबी एक इंचाने कमी करा. टोकाला वाटीसारखा खळगा, म्हणजे कप, असेल तर उत्तमच. तिथलं लाकूड कमी झालं की तेवढ्याच वजनात बाकीची बॅट दाट लाकडाची करता येते. मी आधी कपला कमजोरी समजत होतो.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसा. ३१ औंस म्हणजे ८७९ ग्रॅम. आमची पुण्यातली बॅट अकराशेच्या पुढे असायची, तरी ही हलकी कशी वाटत नाही? कारण वजन हातापासून लांब आहे. ऑगस्टमध्ये दमट बेसमेंटमध्ये ठेवल्यावर क्र. ४ चे ८९० ग्रॅम झाले. आता बॅटी वरच्या कपाटात, उभ्या टांगून. गाडीच्या डिकीत कधीच नाही.

दुसरी गोष्ट हँडल. १५/१६ इंच आणि १ इंच यांत बोटांना फरक जेमतेम कळतो. पण वाकवून मोडायला लागणारा जोर जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे एवढ्याशा फरकाने हँडल वीसेक टक्के जास्त सोसतं. बारीक हँडल आवडतं ते टीव्हीवरच्यांना, त्यांना बॅटी फुकट मिळतात.

क्र. ५ यलो बर्च, जूनमध्ये घेतली. मॉडेल ११०: जाड हँडल, मध्यम बॅरल, वजन समतोल. मेपलइतकी टणक नाही, अॅशइतकी लवत नाही. पहिले पन्नासेक बॉल थोडी मऊ वाटली, खाचा दिसल्या. मग पृष्ठभाग दबून घट्ट झाला. म्हणजे ठोकायची हौस इथे आपोआप भागते. सध्या सामन्यातले ९४ आणि नेटमधले दोनशेच्या आसपास. चकचकीत.

खरं सांगायचं तर यातलं थोडं श्रेय बॅटचं नाही. आमचा कॅचर, म्हणजे इथला विकेटकीपर, साठीचा आहे. त्याने मला मे महिन्यात सांगितलं की तू कोपर बाहेर काढून आडव्या बॅटने ढकलतोस, म्हणून आतला बॉल हँडलवर येतो. हात बॉलच्या आतून ने. बॅट बहुतेक वेळा दोनच ठिकाणी मोडते: बॉल मुठीजवळ बसला तर, नाहीतर अगदी टोकावर. टोकापासून सहा-सात इंचांवर बसलेला बॉल तिला काही करत नाही, हातालाही जाणवत नाही. मुठीजवळचे फटके मी वहीत लाल रेघेने लिहितो. मेमध्ये दहांत चार लाल होत्या, ऑगस्टमध्ये एक.

टॉर्पेडो बॅटबद्दल तिघांनी विचारलंय. २०२५ च्या मार्चअखेर न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने एका सामन्यात नऊ होमरन मारले तेव्हापासून सगळ्यांना तेच हवंय. जाडी थोडी हाताकडे सरकवलेली, नियमात बसते. एका मित्राची घेऊन वीस बॉल मारले. मजा आली. पण टिकाऊपणाच्या या वहीत लिहावं असं तिने अजून काही केलेलं नाही.

क्र. ४ चा मृत्यू

ऑगस्टचा दुसरा रविवार. आमच्या फर्स्ट बेसवाल्याची बॅट तुटली, त्याने माझी मागितली. नाही कसं म्हणणार? पहिल्याच बॉलला टोकावर फटका. बाहेरून काही दिसलं नाही. त्याने थँक्यू म्हणत परत दिली. मी सवयीने नॉब धरून बॅरलवर बोटाच्या सांध्याने टकटक केली. मेपलचा नेहमीचा टण्ण आवाज नाही, भिजल्या लाकडासारखा बद्द. हँडलवर नख फिरवलं, तर केसाएवढी चीर. १८७ सामन्यातले बॉल. फेव्हिकॉल भरून क्लॅम्प लावलाय, मुलीला अंगणात टेनिस बॉलसाठी चालेल.

तर ऑर्डर दिली आहे: बर्च, ३२ इंच, ३० औंस, मॉडेल ११०, १ इंच हँडल, कप, हँडल उघडं, शाईचा ठिपका. कातायला सहा आठवडे सांगितलेत, म्हणजे सीझन संपल्यावरच हातात येईल. तोपर्यंत सामन्यात क्र. ५, नेटमध्ये बांबू, आणि फर्स्ट बेसवाल्याला मीच एक स्वस्त बांबूची बॅट घेऊन दिली आहे.