सेबूतली पावली

दर सप्टेंबरात आमच्या टीम कॉलवर एक गंमत होते. माझ्या बाजूने ढोल ऐकू येतात (घर नारायण पेठेत, त्यामुळे म्यूट सोडून दुसरा उपाय नाही) आणि फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या मंडळींकडून ख्रिसमसची गाणी. सप्टेंबरात! तिकडे ज्या महिन्याच्या नावाच्या शेवटी 'बर' येतं तो प्रत्येक महिना ख्रिसमसचाच, म्हणजे चार महिने नुसतं वातावरण. मग १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटे अंधारात उठून चर्चमध्ये प्रार्थनेला जायचं, त्याला सिंबांग गाबी म्हणतात, आणि बाहेर आलं की गरम गरम बिबिंगका, म्हणजे तांदळाच्या पिठाचा नारळाचं दूध घातलेला केक. त्या दिवसांत तिकडचे लोक कॉलवर जांभया देतात आणि आम्ही काही बोलत नाही, कारण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमची काय अवस्था असते ते त्यांनी पाहिलंय.

तर मागे एकदा जानेवारीत ऑफिसने ट्रेनिंगला सेबूला पाठवलं आणि नेमका मध्ये तिसरा रविवार आला. म्हणजे सिनुलोग, तिथल्या बाळ येशूचा उत्सव. टीममधली मुलगी म्हणाली शनिवारी ये आमच्याबरोबर, आणि मी गेलो ते मुख्यतः ढोल ऐकायला. अकरा वर्षं पथकात वाजवतोय, आता कुठेही ताल ऐकला की बोटं आपोआप मांडीवर पडतात.

पण आधी देव. त्यांचा सांतो निन्यो म्हणजे बाळ येशू, मूर्ती जेमतेम फूटभर, अंगात मखमली झगा, डोक्यावर मुकुट. आपल्याकडे बाळकृष्णाला कपडे शिवतात ना, अगदी तसं, आणि घरोघरी असतो. लोक आपापला घरचा निन्यो कडेवर घेऊन मिरवणुकीत येतात, मी तर एक पोलिसाच्या वर्दीतला पण पाहिला. मूळ मूर्ती १५२१ साली स्पेनची मोहीम घेऊन आलेल्या मॅगेलन या दर्यावर्दीने तिथल्या राजा हुमाबोनच्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी भेट दिली. तो स्वतः थोड्याच दिवसांत शेजारच्या मक्तान बेटावर लढाईत मारला गेला, उरलेले स्पॅनिश निघून गेले, मूर्ती मात्र राहिली. पुढे ४४ वर्षांनी, १५६५ ला स्पेनचा लेगास्पी सैन्य घेऊन आला, गावात आग लागली, आणि जळालेल्या घरांत एका सैनिकाला लाकडी पेटीत ती धडधाकट सापडली. मधल्या काळात पाद्री नव्हते, चर्च नव्हतं, लोकांनी त्याला आपल्याच देवांमध्ये बसवून घेतलं होतं. पाऊस पडला नाही की त्याला समुद्रावर नेऊन पाण्यात बुडवायचे असं सांगतात, पाऊस पाड नाहीतर इथेच सोडतो. हे ऐकल्यावर मी मोठ्याने हसलो आणि त्या मुलीला आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात म्हणजे काय ते समजावत बसलो, तिला ते इतकं साहजिक वाटलं की तिने पुढचं काही विचारलंच नाही.

बॅसिलिकाच्या, म्हणजे निन्योच्या मोठ्या चर्चच्या बाहेर लाल-पिवळ्या कपड्यातल्या बायका मेणबत्त्या विकत उभ्या असतात. मला वाटलं घ्यायची आणि लावायची. तसं नाही. तुम्ही मेणबत्ती घेता, कुणासाठी आणि काय मागायचं ते सांगता, आणि ती बाई त्या मेणबत्त्या हातात धरून तुमच्या वतीने देवासमोर नाचते. नाचते म्हणजे फार काही नाही, दोन पावलं पुढे, एक मागे, हात वर करून हलवायचे, ओठांत पुटपुटत. सिनुलोग म्हणजे पाण्याच्या ओघासारखं, म्हणून ते पुढेमागे. मी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं. आईचं नाव तिने तीनदा विचारून घेतलं, चौथ्यांदा जवळपास बरोबर म्हणाली. वय साठीच्या पुढचं, पायात साधी रबरी चप्पल, आणि माझ्या आईसाठी ती त्या उन्हात नाचत होती. मला काय करावं ते कळेना, मी नुसता हात जोडून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशीची परेड भव्य असते यात वाद नाही. रस्ता भरून नाचणारे ताफे, पिसं, चमचम, प्रत्येक ताफ्यात एक राणी निन्यो उंच धरून नाचते, आणि सगळीकडून 'पित सेन्योर!' ची आरोळी, म्हणजे देवाला हाक. ही परेड तशी अलीकडची, १९८० पासूनची. नाच जुनाच होता, तो रस्त्यावर आणला. आपल्याकडे १८९३ नंतर घरच्या गणपतीचं झालं तसंच थोडंफार. ढोल ऐकून अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण स्पर्धा, बक्षिसं, प्रायोजकांचे फलक, तिसऱ्या तासाला मला लक्ष्मी रोडवर रांगेत नंबर लागायची वाट बघत उभा असल्यासारखंच वाटायला लागलं. मला विचाराल तर खरं सिनुलोग त्या मेणबत्तीवाल्या बाईकडे आहे.

जेवणाचं विचारू नका. ओळख नसलेल्या घरात सुद्धा बोलावून बसवतात, आणि मधोमध अख्खं भाजलेलं डुक्कर, लेचोन. मी पुसोवर भागवलं, नारळाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात तो. यजमान बाई दर पाच मिनिटांनी येऊन आजारी आहेस का विचारत होत्या.

रात्री आईला मेणबत्तीवाल्या बाईचा व्हिडिओ पाठवला. गुडघ्याच्या आधी तिने सात वर्षं आळंदी ते पुणे दिंडीबरोबर चाल केलीय. अर्ध्या तासाने तिचा व्हॉइस मेसेज आला, "अरे ही तर पावली! आणि बाई मागचं पाऊल बघ कसं हलकं टाकतात, तुमच्या पथकातल्या पोरांना दाखव." मग थांबून, "किती दिलेस तिला? अजून द्यायला हवे होतेस."