अर्ध्या तासात ऑफिस बाहेर काढायचं होतं

आग आमच्या मजल्याला लागलीच नव्हती. रात्री वरच्या मजल्यावर इलेक्ट्रिक डक्टमध्ये शॉर्टसर्किट झालं, फायर ब्रिगेडने तासाभरात विझवलंसुद्धा, पण विझवायला मारलेलं सगळं पाणी उतरून आमच्याकडे आलं. सकाळी गेलो तर गेटला दोरी बांधलेली, लाइट तोडलेली, आणि बांधकाम विभागाचा माणूस सांगतोय की तपासणी होईपर्यंत कुणी आत जायचं नाही.

मी राज्य सरकारच्या एका जिल्हा पातळीवरच्या ऑफिसात वरिष्ठ लिपिक आहे, पुण्यात शिवाजीनगर भागात, नाव नको. लोकांना प्रमाणपत्रं द्यायची हे आमचं मुख्य काम, आणि महिना जूनचा, म्हणजे ॲडमिशनची झुंबड. पालक गेटच्या बाहेर, आम्हीही गेटच्या बाहेर, आणि सगळे आमच्याकडेच बघतायत.

आराखडा होता का, तर होता. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ३२, जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक सरकारी ऑफिसने आपला आराखडा करायचा असतो. आमच्यातही फोन नंबर होते, अग्निशामक सिलिंडर कुठे आहेत ते होतं, पूर आला तर लोकांना काय मदत करायची तेही होतं. पण तो सगळा आराखडा आपत्ती लोकांवर येणार आणि ऑफिस मदतीला धावणार असं धरून लिहिलेला. ऑफिसच बंद पडलं तर काय, याला एकच ओळ: पर्यायी जागा, शेजारच्या ऑफिसचा मीटिंग हॉल. आणि गंमत म्हणजे तो हॉल साहेबांच्या एका फोनवर मिळालासुद्धा. टेबलं, खुर्च्या, प्लग पॉइंट, सगळं. जागा हा त्या दिवसातला सगळ्यात सोपा प्रश्न निघाला.

पहिली अडचण आवकची, म्हणजे आलेला कागद नोंदवून घ्यायची. एक वकीलसाहेब अपील घेऊन आलेले, मुदतीचा शेवटचा दिवस. जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७ च्या कलम १० मध्ये आहे की शेवटच्या दिवशी ऑफिस बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरायचं. मग आज आम्ही बंद आहोत की उघडे? बोर्ड लावून घरी गेलो तर बंद. पण गेटवर टेबल टाकून चार अर्ज घेतले आणि पाचव्याला परत पाठवलं तर? त्या पाचव्याने कोर्टात सांगायचं काय, आणि आम्ही तरी काय सांगणार? आमच्यात तिथेच उभ्याउभ्या वाद झाला, एक जण म्हणे बोर्ड लावा आणि मोकळे व्हा, शेवटी साहेब म्हणाले टेबल टाका, सगळ्यांचं घ्या, एकालाही परत पाठवायचं नाही. मला ते पटलं. पण टेबल टाकलं तरी आवकचा शिक्का आत, बारनिशी म्हणजे आलेल्या कागदांची नोंदवही, तीही आत. कोऱ्या वहीवर तारीख-वेळ लिहून, पोचवर दोघांच्या सह्या करून काम सुरू केलं.

दुपारी फायरचे अधिकारी आले. म्हणाले, चौघं जण, हेल्मेट घालून, अर्धा तास, भिंतीला हात लावायचा नाही, मी शिट्टी मारली की हातात असेल ते टाकून बाहेर. आता अर्ध्या तासात अख्ख्या ऑफिसमधून काय उचलायचं? साहेबांनी कागदावर यादी काढली, पहिलं कॉम्प्युटर. आमचे शिपाई मामा यादी बघून म्हणाले, "साहेब, कॉम्प्युटर काय करायचे, ते सगळं मुंबईला सेव्ह असतंय ना? शिक्का आणि बारनिशी घेऊ, कोर्टाच्या फायली घेऊ, सर्व्हिस बुकाचं कपाट माझ्याकडं चावीय." साहेबांनी यादी खिशात घातली. मामा म्हणाले तेच बरोबर होतं, प्रमाणपत्रांचा डेटा स्टेट डेटा सेंटरला, त्याला पाण्याचा थेंब लागलेला नाही. गेलं असतं ते कागदावरचं.

आत मोबाइलच्या टॉर्चवर चाललो. फॉल्स सीलिंगचे तुकडे, घोट्याएवढं काळं पाणी, जळक्या वायरचा वास. आणि इथे मला एक गोष्ट दिसली जी मी कधी विसरणार नाही. सरकारी ऑफिसात सहा गठ्ठा पद्धत असते, टेबलावरचे कागद सहा प्रकारांत बांधून ठेवायचे, प्रलंबित वेगळं, प्रतीक्षाधीन वेगळं, नियतकालिकं वेगळी, नष्ट करायचं ड वर्गाचं वेगळं. इन्स्पेक्शन आलं की सगळे आदल्या रात्री गठ्ठे बांधतात आणि नंतर सोडतात. आमच्यात एकच बाई रोज बांधायच्या, त्यांना सगळे चिडवायचे. त्यांच्या टेबलावरून प्रलंबितचा गठ्ठा मी मिनिटभरात उचलला, चिठ्ठीसकट. शेजारच्या टेबलावर फायलींचा ढीग, ओला, वर आठ-नऊ वर्षांपूर्वीची परिपत्रकं, आणि चालू प्रकरण त्याच्या पोटात कुठेतरी. तिथे उकरत बसलो आणि शिट्टी झाली. बऱ्याच लोकांची चालू प्रकरणं त्या ढिगात राहिली, ती पुढे तपासणी होऊन आत सोडेपर्यंत भिजतच पडली.

गोल शिक्का मात्र मामांनी खिशात घालून आणला. तसा शिक्का अप्पा बळवंत चौकात बनवून मिळतो हो, पण जुना कुठे आहे ते माहीत नसताना नवा केला तर एका ऑफिसचे दोन शिक्के बाजारात, मग हरवल्याची तक्रार, मग खुलासा, ते वेगळंच लचांड.

संध्याकाळी हॉलमध्ये लॅपटॉप लागले, पोर्टल उघडलं, अर्ज दिसायला लागले, आणि सही अडली. डिजिटल सही ज्या मॅडमच्या नावाने मॅप केलेली त्या रजेवर, गावी. ज्यात ती सही असते तो त्यांचा यूएसबी डोंगल ड्रॉवरमधून आम्ही आणलेला. एकाने हळूच सांगितलं की पिन मला माहितीये. साहेब त्याच्यावर जे काही ओरडले ते इथे लिहीत नाही, पण योग्यच ओरडले, ती सही त्या बाईंची वैयक्तिक असते, दुसऱ्याने वापरायचीच नसते. चार्ज दुसऱ्याला द्यायचा तर वरच्या ऑफिसचा आदेश लागतो. तो ईमेलवर यायला रात्र झाली आणि पुढे पोर्टलवर नाव बदलायला आणखी वेळ गेला. जागा होती, नेट होतं, माणसं होती, मुलांचे अर्ज पूर्ण होते, आणि फक्त सही करायचा अधिकार कुणाकडे नव्हता.

यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेतल्या एका ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं तेव्हा आठवलं. अमेरिकेत केंद्राच्या ऑफिसांना नियम आहे की अत्यावश्यक काम १२ तासांत दुसरीकडून सुरू व्हायला हवं आणि ३० दिवसांपर्यंत चालवता यायला हवं, आणि साहेब नसेल तर कोण, तो नसेल तर कोण, कुणाला कशावर सही करता येईल, ही उतरंड आधीच लिहून ठेवलेली असते. आम्ही तेव्हा भजी खात हसलो होतो की आपल्याकडे साधा प्रभारीचा आदेश निघायला महिना जातो.

ओल्या कागदांचं तर वेगळंच. पोथ्यांच्या जतनाचं काम केलेल्या एका मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली चिकटलेली पानं ओढून सोडवू नकोस, उन्हात टाकू नकोस, ४८ तासांत बुरशी धरते, पंख्याची हवा दे आणि मध्ये कोरा टीपकागद घाल. जूनच्या दमट हवेत आठवडाभर हॉलमध्ये पंखे फिरत होते. तेव्हा कळलं की बॉलपेनच्या टिपण्या जशाच्या तशा होत्या आणि जेलपेनच्या निळ्या डागांत विरघळलेल्या. एका पानावर साहेबांचा शेरा पूर्ण गेलेला, खाली तारीख तेवढी राहिलेली, ती बॉलपेनने टाकलेली.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, चौथा, पाचवा, सहावा मजला जळला, तेव्हा खालच्या ऑफिसांकडच्या प्रतींवरून फायली पुन्हा उभ्या करायची वेळ आली होती. आम्ही तेच केलं, ज्याला आम्ही पत्र पाठवलं होतं त्याच्याचकडे प्रत मागितली. बहुतेकांनी दिली. एका ऑफिसने उलट विचारलं की तुमच्याकडची ओसी, म्हणजे ऑफिस कॉपी, कुठे गेली, याचा आधी खुलासा करा.

आता आराखडा नव्याने लिहितोय. पहिल्या पानावर सह्यांची उतरंड, नावं नाहीत, पदं, आणि प्रत्येकाला पर्यायी डिजिटल सही आधीच मंजूर. दुसऱ्या पानावर कोणत्या कपाटातलं काय आधी उचलायचं, ती यादी मामांनी सांगितली आणि मी टाइप केली. हॉल चौथ्या पानावर गेलाय. सोबत शिक्का, कोऱ्या बारनिशी आणि पोचपावत्या ठेवायला एक वॉटरप्रूफ पेटी मागितलीय, ती दुसऱ्या बिल्डिंगमध्ये ठेवायची. सह्यांच्या पानावर अजून वरून काहीच उत्तर नाही. पेटीवर मात्र लगेच शेरा आला, ही खरेदी बजेटमधल्या कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवणार ते कळवावे.