अकॅलेशिया, बोटॉक्सचं इंजेक्शन आणि कॅशलेसचा फॉर्म: माझा अनुभव

घरातल्या वयस्कर माणसाला अकॅलेशियासाठी, म्हणजे अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नाही त्या आजारासाठी, बोटॉक्स द्यायचं ठरलं असेल, तर कॅशलेसचा फॉर्म विमा कंपनीकडे जाण्याआधी तो स्वतः वाचा. डेस्कवरचा माणूस "आम्ही रोजच भरतो, मॅडम" म्हणाला तरी वाचा. त्या एका कागदापायी माझ्या आईला विनाकारण उपाशी राहावं लागलं आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आई 79 वर्षांची. घास छातीत अडकायचा, पाणीसुद्धा परत वर यायचं, रात्री आडवं झालं की ठसका. बरीच वर्षं सगळे याला पित्तच म्हणत होते. शेवटी पुण्यात गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी बेरियम पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका वरून फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती. मग मॅनोमेट्री झाली, म्हणजे नाकातून बारीक नळी घालून गिळतानाचा दाब मोजला. निदान पक्कं झालं. तिथवर कुठेही अडलं नाही.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू एरवी गिळलं की सैल पडतो. त्याला सैल करणाऱ्या चेतापेशीच या आजारात नष्ट होतात, पण आवळायला लावणारं असेटिलकोलिन हे रसायन पाझरतच राहतं. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोटॉक्स, ते पाझरणं थांबवतं. धडधाकट माणसाला फुग्याने तो भाग रुंद करतात, नाहीतर हेलर मायोटॉमी हे ऑपरेशन किंवा पोएम (तोंडातून दुर्बीण घालून) करून स्नायू कापतात. त्याचा गुण जास्त टिकतो. आईचं हृदय मात्र फार कमजोर. भूलतज्ज्ञांनी पोएमला साफ नकार दिला. फुग्याने अन्ननलिका फाटण्याचा थोडा धोका असतो, आणि फाटलीच तर लागणारं ऑपरेशन तिला झेपलं नसतं. उरलं इंजेक्शन. त्याचा असर साधारण सहा महिने ते वर्षभर, नंतर पुन्हा द्यावं लागतं, हेही त्यांनी आधीच सांगितलं.

(तुमचा पेशंट तरुण आणि तब्येतीने ठीक असेल तर "आधी बोटॉक्स करून बघू" असं परस्पर ठरवू नका. वारंवार इंजेक्शनं झाली की तिथे व्रण धरतो आणि पुढे स्नायू कापण्याचं ऑपरेशन अवघड जाऊ शकतं. हे डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्या.)

आता तो फॉर्म. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कने, म्हणजे विम्याचे कागद बघणाऱ्या डेस्कने, निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं "डिसफेजिया". म्हणजे गिळायला त्रास. हे नुसतं लक्षण झालं, आजाराचं नावच नाही. उपचाराच्या रकान्यात "स्कोपी + इंज. बोटॉक्स 100 युनिट" (स्कोपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालणं). बाकी ओळ कोरी. मॅनोमेट्रीचा रिपोर्ट फाइलमध्ये होता, पण तो स्कॅन करून जोडलेलाच नव्हता.

विमा कंपनीचं उत्तर आलं: नामंजूर, एक्सक्लूजन (विम्यातून वगळलेल्या गोष्टी) कोड 08, कॉस्मेटिक उपचार. 79 वर्षांची बाई, पोटात अन्न जात नाही, आणि तिचा कागद सुरकुत्यांच्या इंजेक्शनांच्या ढिगात टाकलेला! मी डेस्कवर गेले तर तिथला मुलगा म्हणाला, "बोटॉक्सला कॅशलेस होतच नाही, मॅडम. कॅश भरा, नंतर रीइम्बर्समेंट टाका." मी म्हटलं, "उत्तर तरी पाठवा." त्याने माझ्यासमोर एक ओळ टाइप केली, "हे कॉस्मेटिक नाही", आणि पाठवून दिली. डॉक्टरांची सही नाही, रिपोर्ट नाही.

मग कंपनीची पुढची क्वेरी, म्हणजे शंका. आता कोड 04: स्कोपी ही तपासणी आहे, ती ओपीडीत होते, नुसत्या तपासणीसाठी दाखल करता येणार नाही. म्हणजे आधी इंजेक्शनवर बोट, मग स्कोपीवर. स्कोपीतून सुई घालून औषध देणं हाच उपचार आहे, हे त्या कागदावर कुठे लिहिलेलंच नव्हतं. 2024 पासून नियम असा आहे की कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा. आमच्याकडे दर क्वेरीला घड्याळ नव्याने सुरू व्हायचं. डेस्क म्हणे कंपनीकडून यायचंय, कंपनीच्या फोनवर सांगत हॉस्पिटलकडून यायचंय. मधे शनिवार-रविवार आला.

घरी आई पेज, ताक, वरणाचं पाणी यावर. वाटीभर पेज संपवायला तिला तास लागायचा. चमचा घ्यायची, थांबायची, छातीवर हात दाबून धरायची, मग पुढचा चमचा. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या होत्या. "अगं, राहू दे ते इंजेक्शन, एवढा खर्च कशाला," म्हणायला लागली. तेव्हा मी डेस्कचा नाद सोडला आणि ओपीडीबाहेर बसून डॉक्टरांना गाठलं.

त्यांनी लेटरहेडवर जे पत्र दिलं त्याने काम झालं, म्हणून त्यात काय होतं ते सांगते. आजाराचं पूर्ण नाव आणि आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक), के 22.0. बेरियम आणि मॅनोमेट्रीचे निष्कर्ष, रिपोर्ट सोबत. पोएम, मायोटॉमी आणि फुगा का नको, प्रत्येकाचं कारण, आणि भूलतज्ज्ञांचा लेखी शेरा. ही स्कोपी तपासणीची नसून उपचाराची आहे, असं स्पष्ट वाक्य. हृदयाच्या अवस्थेमुळे एक रात्र देखरेखीखाली ठेवणं का गरजेचं आहे तेही. आणि "सिद्ध न झालेला उपचार" असा तिसरा फाटा फुटू नये म्हणून त्यांनी 1995 सालचा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला डॉ. पंकज पसरिचा आणि सहकाऱ्यांचा लेख जोडला. अकॅलेशियाच्या 21 रुग्णांवर टॉक्सिन आणि खोटं औषध यांची तुलना त्यात केलेली आहे. आपल्याच मुळाच्या डॉक्टरांनी हा उपचार पुढे आणला, हे वाचून मला फार बळ आलं.

मी माझ्याकडून पॉलिसीच्या वहीतलं कोड 08 चं कलम पूर्ण वाचलं. तिथेच लिहिलंय की आरोग्याला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करायला जे वैद्यकीय दृष्ट्या गरजेचं आहे, ते या कलमातून वगळलंय. ती ओळ अधोरेखित करून त्याच पत्रासोबत पाठवायला लावली, आणि डेस्कच्या स्क्रीनवर "सेंट" दिसेपर्यंत तिथून हलले नाही. संध्याकाळी मंजुरी आली. मला लिफ्टजवळच रडू फुटलं.

प्रत्यक्ष इंजेक्शनला फार वेळ लागला नाही. शंभर युनिट, चार बाजूंना पंचवीस-पंचवीस. एक मात्र लक्षात ठेवा: या आजारात अन्न अन्ननलिकेतच साचून राहतं, त्यामुळे स्कोपीआधी रात्रीपासूनचा नेहमीचा उपास पुरत नाही. आम्हाला आदल्या दिवसापासून फक्त पातळ पदार्थ सांगितले होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच विचारा, मनाने बंद करू नका. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर तोही सांगा, त्यात हे औषध धोक्याचं आहे.

दोन-तीन दिवसांत फरक दिसला. आईने मऊ भात आणि आमटी खाल्ली, एकही घास वर आला नाही, आणि परत भात मागितला.

कॅशलेस अगदीच अडलं तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं, त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे आणि तिथे फी लागत नाही. डॉक्टरांच्या पत्राची मूळ प्रत डेस्कला देऊ नका, झेरॉक्स द्या. पुढच्या इंजेक्शनच्या वेळी तेच पत्र नव्या तारखेने लिहून घ्यायचंय, आणि या वेळी फॉर्मचे रकाने मी डॉक्टरांसमोर बसून भरून घेणार आहे.